उभ्या पिकात हात

आमच्या सरांनी पहिल्या दिवशी माझ्या हातात कॉम्प्युटर दिला नाही, सूप दिलं. प्यायचं नव्हे, पाखडायचं. मी पुण्याची नोकरी सोडून आलेली, नवा ड्रेस, नवी पर्स, आणि सोलापूरच्या सात रस्त्यावरच्या त्या ऑफिसात हा माणूस मला म्हणतो, "बसा खाली. हा जुंधळा निवडा."

मी म्हटलं, "सर, मी प्रोग्रामर आहे."

"म्हणून तर म्हणतो. निवडाय येत नसंल तर प्रोग्राम कशाचा लिवणार तुमी?"

माझं असलं डोकं फिरलं की विचारू नका. गावी, वळसंगला, जन्मभर आईच्या शेजारी बसून ज्वारी निवडली, आणि शिकले ती कशासाठी, तर परत निवडायला लागू नये म्हणून. पण वडील गेल्यावर आई एकटी पडली होती आणि सोलापुरात माझ्या कामाची दुसरी कंपनी नव्हती. खाली बसले आणि निवडली. ते समोर उभं राहून बघत होते. बाजूला काढलेल्या खड्यांतून त्यांनी एक दाणा उचलला आणि म्हणाले, "ह्यो खडा न्हाय. किडका हाय, पण जुंधळाच हाय. किडक्याला खडा म्हणायचं न्हाय. हे चुकलं की समदं चुकलं." झाली माझी मुलाखत.

आज या माणसाविषयी लिहायला बसले आहे ती रागात बसले आहे. त्यांच्यावर राग आहेच. ज्यांनी त्यांची कंपनी गिळली त्यांच्यावर तर इतका आहे की रिक्षातून सात रस्त्यावरनं जाताना मी मान दुसरीकडे करते.

सर आधी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. इंग्रजी उत्तम, पण बोलायचे घरच्यासारखंच, हाय आणि न्हाय. विणकरांच्या घरातला मेडिकलवाला आला की तेलुगू, अक्कलकोटकडचा आला की कानडी. खांद्यावर टॉवेल, एसी लावलेला असला तरी. ऑफिसात चाकाच्या खुर्च्या घेऊ दिल्या नाहीत. म्हणायचे, "चाकावर बसलेला माणूस इचार करायचं सोडून शेजाऱ्याकडं जातो." बंगलोरच्या लोकांशी व्हिडिओवर बोलणं चालू असताना कडक भाकरी मोडून खायचे. तिचा आवाज तिकडं असा जायचा की ते लोक विचारायचे, लाईनमध्ये काही प्रॉब्लेम आहे का. सर तोंडात घास ठेवून सांगायचे, "न्हाय, जेवतोय."

रागावर त्यांचा ताबा शून्य. एकदा एकानं "करून टाकतो सर" म्हटलं तर पाऊण तास बोलत होते. "टाकतो म्हंजे काय? काम काय उकिरड्यावर टाकायचं असतंय?" त्यानंतर ऑफिसात कुणी काही टाकलं नाही, सगळे नुसतं करायचे.

आमचं काम सांगते. मेडिकल दुकानात बिलं कॉम्प्युटरवर होतात. त्या बिलांच्या ढिगातून आमचं सॉफ्टवेअर शोधून काढायचं की कुठल्या भागात कुठलं औषध अचानक जास्त जायला लागलंय, ताप कुठनं सुरू झालाय, कुठल्या दुकानात कुठल्या गोळ्या फळीवर पडून मुदत संपायला आल्यात. दुकानदाराचं नुकसान वाचायचं, आणि एखाद्या गल्लीत डेंगी वाढतोय हे डॉक्टरांच्या आधी कळायचं. बाहेर याला डेटा मायनिंग म्हणतात. तो शब्द सरांसमोर काढायची सोय नव्हती.

"मायनिंग म्हंजे खाण. खाणवाला जमिनीला इचारतो का, बाई, खणू का म्हणून? आमी खाण खणत न्हाय. आमी सरवा वेचतो."

सॉफ्टवेअरचं नाव सरवा. कंपनीचंही तेच. शहरात वाढलेल्यांना सांगायला लागतं म्हणून सांगते. रास होऊन धान्य घरी गेल्यावर रानात जी कणसं, ज्या शेंगा पडून राहतात तो सरवा. तो कुणीही वेचावा, पण मालकाला विचारून आणि रास उचलून झाल्यावर. उभ्या पिकात हात घातला तर तो सरवा नव्हे, ती चोरी. लहानपणी आईबरोबर मीही शेंगांचा सरवा वेचलाय, त्यामुळे मला हे कुणी शिकवायला नको होतं.

सरांच्या लेखी पेशंटचं नाव आणि मोबाईल नंबर म्हणजे उभं पीक. कुठलं औषध किती गेलं हा सरवा. म्हणून आमच्या प्रोग्रामचं पहिलं काम हे की बिल दुकानाच्या कॉम्प्युटरमधून बाहेर पडायच्या आधीच नाव आणि नंबर पुसून टाकायचे. तो भाग मी लिहिला होता. सर रोज सकाळी आल्या आल्या तो स्वतः तपासायचे, चपला काढून. चपला का काढायचे ते त्यांनाच माहीत.

याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही भांडणात. मी म्हणाले होते, "सर, नंबर ठेवला तर गोळ्या संपल्या की लोकांना आठवण करता येईल, चांगलंच आहे ना." तर टेबलावर हात आपटून म्हणाले, "माज्या थोरल्या बहिणीला फिट यायची. गावातल्या मेडिकलवाल्यानं पारावर बसून नुसतं म्हटलं, अमक्याची पोरगी आमच्याकडनं फिटच्या गोळ्या नेती. वाईट मनानं न्हाय, गप्पा मारताना. ठरलेली सोयरीक मोडली. ती तशीच ऱ्हायली. त्या मेडिकलवाल्याला तरी तोंड हुतं, जाऊन शिव्या घालता आल्या. कॉम्प्युटरला कुटं शिव्या घालणार?" आणि मग माझ्याकडे पाठ करून बसले. त्या दिवशी ऑफिसात चहासुद्धा कुणी मागवला नाही.

पाटीचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. कंपनी निघाली तेव्हा पेंटरला कागदावर इंग्रजीत नाव लिहून दिलं होतं. त्यानं वाचलं सर्वा, आणि पाटीवर ठळक निळ्या अक्षरांत रंगवलं तेच, वा वर रफार देऊन. सरांनी बघितलं आणि तिथंच स्टूल मागवला. रफारावर चुना फासला, स आणि वा च्या मधल्या चिंचोळ्या जागेत एक र कोंबला. तो बिचारा र उभाच राहिला, जागाच नव्हती. पावसानं चुना धुऊन निघाला की रफार परत वर दिसायचा, आणि सर परत स्टुलावर. खालचे मोबाईलवाले हसायचे. आम्ही म्हणायचो, सर, नवी पाटी करू की. ते म्हणायचे, "न्हाय. मला रोज दिसू दे, एका रफारानं काय व्हतंय ते." आम्ही आपसात डोळे फिरवायचो.

मग गुंतवणूकदार आले.

आमचं सॉफ्टवेअर गावागावांत गेलं होतं, मेडिकलवाले एकमेकांना सांगत होते, आणि ही खबर कुठनं तरी वरपर्यंत पोचली. सरांच्या बायकोचा भाऊ कंपनीत भागीदार होता. टॉवेलचा कारखाना त्याचा, भांडवल त्याचं, आणि वाटा निम्म्याहून जास्त त्याचाच. सरांनी कधी ते मनावरच घेतलं नाही. "मेव्हणा हाय की, घरातलाच माणूस," म्हणायचे. संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाला निम्म्याहून जास्त म्हणजे काय हे कळू नये, याचा मला आजही संताप येतो.

तर मेव्हणा त्या लोकांना विमानतळावर घालतात तसा हार घालून स्टेशनवरनं घेऊन आला. दोघं होते. एक साहेब, एक मॅडम. बोलायला गोड, कपडे साधे, बूट महाग. सर म्हणाले, "बसा पाव्हणं," आणि त्यांच्याही हातात सूप दिलं. मला वाटलं गेलं सगळं. पण नाही, त्यांना ते भयंकर आवडलं. मांडी घालून बसले, ज्वारी निवडतानाचे फोटो काढले. मॅडम म्हणाल्या, केवढी सुंदर स्टोरी आहे ही. मी आतल्या आत खूश. म्हटलं, आता कंपनी मोठी होईल, सोलापुरातली पोरं पुण्याला जायची थांबतील, मी आईला वळसंगहून जुळे सोलापुरात माझ्या फ्लॅटवर आणीन.

मग त्यांनी भिंतीवर त्यांचं प्रेझेंटेशन लावलं. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात आमचं नाव आणि खाली लिहिलेलं, सर्व काही. साहेब हिंदीत म्हणाले, "नाम तो कमाल का है, सर. सर्वा. यानी एव्हरीथिंग."

सरांनी समजावून सांगितलं. शांतपणे सांगितलं, हे मी कबूल करते. सरवा काय, रास काय, मालकाला विचारणं काय. मेव्हणा मधे मधे हिंदीत तर्जुमा करत होता आणि घाम पुसत होता. साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. हसले आणि म्हणाले, "सर, पूरा खेत सामने खड़ा है. आप गिरे हुए दाने क्यों चुन रहे हैं?"

"खेत किसका है?" सरांनी विचारलं.

मॅडम म्हणाल्या की नाव आणि नंबर बिलातच असतात, दुकानदारानं एकदा परवानगीचं बटण दाबलं की झालं, कायद्याचं आमची माणसं बघतील. घराघरात कुणाला शुगर, कुणाला बीपी, कुणाला काय, हे कळलं तर विमावाले, हॉस्पिटलवाले, सगळे दारात उभे राहतील. किंमत त्या नावांना आहे, गोळ्यांच्या हिशोबाला नाही. म्हणजे आम्ही इतकी वर्षं जे जीव तोडून पुसत होतो, ते लोक नेमकं तेच घ्यायला आले होते.

आता इथं एखादा शहाणा माणूस काय करील? बोलेल, वेळ मागेल, वकील बघेल, आपल्या माणसांना विश्वासात घेईल. आमचे सर उठले आणि त्या दोघांच्या समोरची सुपं काढून घेतली. "द्या हिकडं. माजी रातची भाकर हाय ती." आणि सुपं घेऊन आतल्या खोलीत गेले ते बाहेर आलेच नाहीत. आतून पाखडण्याचा आवाज येत होता. मेव्हणा कसनुसं हसत म्हणाला, "दाजी जरा तसेच आहेत." साहेब म्हणाले, काही हरकत नाही, आम्हाला फाउंडरची गरजच नाही.

मी आत गेले होते त्यांना आणायला. म्हटलं, "सर, बाहेर या. बोला त्यांच्याशी इंग्रजीत. तुम्हाला येतं." ते सुपातनं मान वर न करता म्हणाले, "जी गोष्ट मराठीत सांगून कळत न्हाय, ती इंग्रजीत बी कळत न्हाय." वाक्य छान आहे. ऑफिसातल्या पोरांनी ते नंतर व्हॉट्सॲपवर स्टेटसला लावलं. मला मात्र त्यांचे खांदे धरून गदागदा हलवावंसं वाटलं होतं.

पुढं जे व्हायचं ते झालं. मेव्हण्यानं सही केली. सरांचा वाटा कागदावर राहिला, शब्द राहिला नाही. नव्या लोकांनी मला सांगितलं, तो पुसायचा भाग काढा. मी नाही म्हटलं, राजीनामा दिला आणि पर्स उचलून निघाले. फार काही केल्यासारखं वाटलं मला. त्यांच्या बंगलोरच्या ऑफिसातल्या कुणीतरी बसल्या जागेवरनं तो भाग काढला आणि मेडिकलवाल्यांच्या कॉम्प्युटरवर नवं अपडेट आलं. कुणी वाचतंय का ते? सगळ्यांनी होय दाबलं. नवी पाटी लागली, दिव्याची, इंग्रजी आणि मराठीत. त्यावर रफार आहे. आता तो पुसायला स्टुलावर कुणी चढत नाही.

सर जुळे सोलापुरात घरी बसले. मी दुसरं काम धरलं, घरातूनच. त्यांच्याकडे जायची नाही मी. राग होता.

आणि मग आईचं झालं.

वडील गेल्यापासून आईची झोप उडाली होती. जेवायची नाही, बोलायची नाही. सोलापूरच्या डॉक्टरांनी मनाच्या गोळ्या दिल्या आणि त्यांनी खरंच फरक पडला, ती परत चुलीपाशी गुणगुणायला लागली होती. गोळ्या ती सात रस्त्याजवळच्या मेडिकलमधून घ्यायची. वळसंगमध्ये घेतल्या असत्या तर गावानं तिला वेडी ठरवलं असतं, म्हणून इतक्या लांब यायची. बिलावर नाव तिचं, नंबर तिचा. मेडिकलवाले काका चांगले, पण होय त्यांनीही दाबलं होतं.

आईला कमी ऐकू येतं म्हणून ती फोन स्पीकरवर घेते. दुपारी अंगणात चुलतीबरोबर आणि शेजारच्या बायकांबरोबर शेंगा फोडत बसली होती. फोन आला. गोड आवाजाची मुलगी, तिचं नाव घेऊन, ताई म्हणून. म्हणाली, तुमच्या नैराश्याच्या औषधांवर आमच्याकडे खास सवलत आहे, आणि मानसिक आजारासाठीचा विमाही आहे. चुलती म्हणाली, "नैराश्य म्हंजे काय गं?" तर त्या मुलीनं फोनवरनं समजावून सांगितलं. काय हो तिचा सज्जनपणा. अंगणातल्या सगळ्यांना समजेपर्यंत सांगितलं.

दिवे लागायच्या आत गावभर झालं. विहिरीवरच्या बायका आईला बघून बोलायच्या थांबायला लागल्या. आईनं गोळ्या कचऱ्यात टाकल्या. मला म्हणाली, "मला काय झालंय? मी काय येडी हाय व्हय?" आणि परत भिंतीकडे तोंड करून निजायला लागली. जेवण सुटलं ते सुटलंच.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. स्कूटी काढली आणि थेट सरांच्या घरी गेले. गॅलरीत बसले होते, खांद्यावर टॉवेल, दाढी वाढलेली. मी सगळं बोलले. म्हटलं, उभं पीक उभं पीक करत बसलात आणि रान मेव्हण्याच्या नावावर ठेवलंत. सुपं घेऊन आत पळालात. तुमचा बाणेदारपणा तुम्हाला लखलाभ, माझ्या आईचा जीव चाललाय. मला वाटलं ते ओरडतील. मला तेच हवं होतं खरं तर, कुणीतरी ओरडायला हवं होतं माझ्यावर.

ते ओरडले नाहीत. म्हणाले, "आईनं गोळ्या बंद केल्या?"

"हो."

उठले, चपला घातल्या, म्हणाले, "चल." पहिल्यांदा मला अगं-तुगं केलं. माझ्या स्कूटीवर मागं बसून सात रस्त्याच्या त्या मेडिकलमध्ये आले आणि काउंटरवर हात ठेवून म्हणाले, "हिच्या आईच्या गोळ्या द्या. बिलावर नाव माजं लिवा. नंबर माजा."

काका घुटमळले. "सर, चिठ्ठी बाईंची आहे."

"चिठ्ठी तुमी बगितली न्हवं? झालं की. त्या कॉम्प्युटरला काय सांगायचं ते मी सांगतो. आन् आजपास्नं कुणी बी लाजत आला, नाव सांगाय कचरला, तर माजं नाव लिवा. शुगर, फिट, मनाचं, बायकांचं, काय बी असू द्या."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. आपण कुठलं होय दाबून बसलोय हे त्यांना एव्हाना कळलं होतं, गिऱ्हाइकं त्यांनाच शिव्या घालत होती. त्यांनी लिहिलं. मग सर दुसऱ्या मेडिकलमध्ये गेले, तिसऱ्या. पुढं रोज जायला लागले, कधी रिक्षानं, कधी चालत. या दुकानात तेलुगू, त्या दुकानात कानडी. मेडिकलवाले त्यांना ओळखतच होते. त्यांनी गिऱ्हाइकांना हळूच विचारायला सुरुवात केली, "तुमच्या नावावर करू, का सरांच्या?"

आता त्या नव्या कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये सोलापुरातला एक निवृत्त मास्तर आहे, ज्याला गावातले सगळे आजार आहेत. त्याला शुगर आहे, फिट येतात, दमा आहे, खरूज आहे, आणि दिवसही गेलेले आहेत. आणि हे सगळं बाजूला काढायला त्यांच्याकडे निवडणारं कुणी नाही, कारण निवडायला बसायची त्यांच्यात पद्धत नाही.

आईनं गोळ्या परत सुरू केल्या. लगेच नाही, पण केल्या. मी सांगितलं, तुझं नाव आता कुठल्याच बिलावर नाही. तिनं विचारलं, "त्या मास्तरला तरास न्हाय का व्हणार?"

तेच विचारायला गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेले होते. ते पलंगावर बसले होते, फोन सारखा वाजत होता. एका बाईला त्यांनी सांगितलं, "व्हय, सहावा म्हैना चालू हाय. उलट्या लई हुत्या, आता बऱ्या हायत." मी हसून हसून बेजार. मग आणखी एक फोन आला, तसाच गोड आवाज. स्पीकरवरच होता. तिनं विचारलं, सर, तुम्ही नैराश्यावरची औषधं घेता ना?

मी परत हसायच्या तयारीत होते.

सर म्हणाले, "घेतो की. लिवून घ्या. झोप लागत न्हाय. घास उतरत न्हाय. कुणाशी बोलावं वाटत न्हाय. सकाळी उठलं की कुटं जायचं ते कळत न्हाय."

मुलगी म्हणाली, कधीपासून, सर?

"कंपनी गेल्यापास्नं."

आवाजात थट्टा नव्हती. मी त्यांच्याकडे बघितलं, त्या वाढलेल्या दाढीकडे, आणि मला कळलं की आईच्या गोळ्या त्यांच्या नावावर लिहिल्या गेल्या त्यात खोटं काही नव्हतं. पलीकडची मुलगी काहीतरी सवलतीचं बोलत होती. सरांनी फोन बंद करून उशाशी ठेवला आणि टॉवेलनं तोंड पुसलं.

"आईनं आजची गोळी घेतली का," ते म्हणाले, "फोन करून इचार आधी."

मी आईला फोन लावला.